पन्नीच्या गॅसवरचा अर्धा कप चहा

रेवा, ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात. आधी ईशानने, मग त्याच्या हातून फोन ओढून घेत रेवाने. "आजी, आत्याआजी गेली तेव्हा तू रडलीस का?" मी म्हटलं, "आधी तुमच्या आईला फोन द्या." माझ्यापाशी उत्तर नव्हतं असं नाही. ते एका वाक्याचं नव्हतं, एवढंच.

म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना मला क्रम लावता येतो. बोलताना तुमची आत्याआजी मला कधी क्रम लावू देत नसे. तुम्हाला मराठी समजतं, पण वाचायला जड जातं, तेव्हा हे तुमची आई वाचून दाखवील. मध्येच ती थांबेल. थांबू द्या. पण तिला एकही वाक्य गाळू देऊ नका.

तुमच्याशी मी इतकंच बोलणार. पुढचं सगळं मला तिच्याशीच बोलायचं आहे. जन्मभर आम्ही दोघी समोरासमोर भांडलो. आता तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल बोलणं मला जमणार नाही. तुम्ही बाजूला बसून ऐका.

विमल,

तुझं तेरावं झालं. चारू आली होती. दोन विमानं आणि नागपूरहून टॅक्सी करून दारात उतरली, आणि चपला न काढता थेट मागच्या शेडकडे गेली. मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तिने मला पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि म्हणाली, "आई, एक मिनिट." ते मिनिट बरंच लांबलं. शेडमधून तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा मी तांब्या खाली ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

तुझा दादा गेला तेव्हा ती येऊ शकली नव्हती. रेवा पोटात होती, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. कारण खरं होतं, आणि 'येऊ नकोस' असं मीच तिला म्हणाले होते. तरीही या वेळी मनात आलं ते आलंच, की बापासाठी न उडालेलं विमान आत्यासाठी उडालं. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण जिवंतपणी मी तुझा इतका हेवा केला आहे की ती सवय तेराव्याला सुटेल असं तुलाही वाटलं नसतं.

सुरुवात तूच केलीस. नागपूरच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहत होतो. मी इंग्रजी साहित्याची, तू रसायनशास्त्राची. माझा पलंग सरळ, उशी मध्यावर, पुस्तकं उंचीप्रमाणे. तुझ्या बाजूला कपबशीत काहीतरी निळं वाळत पडलेलं. एक दिवस तू दाढेखाली सुपारी धरून, पेन उसना मागावा तशी मला म्हणालीस, "दादासाठी पोरगी पाहून राह्यले घरचे. तुले चालते काय वं?" मी हसले. आणि पुढच्या वर्षी वर्ध्याला तुमच्या घरात आले. तुझ्या दादाशी माझं लग्न झालं ही तुझी कामगिरी, हे तू मला कधी विसरू दिलं नाहीस. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचीस, "ही म्या आणलेली वयनी."

पुढे बाजारात भांड्यांचं दुकान, मागे घर, त्याच्या मागे गोदामाची टिनाची शेड. तू लग्न केलं नाहीस. इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागलीस आणि माहेरच्या घरात राहिलीस. म्हणजे मी सासरी आले, आणि ते सासर तुझं माहेरच राहिलं. तुझा दादा जेवताना आधी तुझ्याकडे बघून विचारायचा, "भाजी कशी झाली?" भाजी मी केलेली असायची.

हे सगळं मी सोसलं, कारण ते सोसण्यासारखं होतं. चारूचं तसं नव्हतं.

त्या वर्षांत दुकानात पितळ, स्टील कमी होत गेलं आणि प्लॅस्टिक वाढत गेलं. बादल्या, टोपल्या, साबणदाण्या, डबे, आणि माल घालून द्यायला दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या. त्या पातळ पिशवीला आपल्याकडे सगळे पन्नीच म्हणतात. मग आंजी गावात तुझ्या मामेभावाची गाय मेली. जनावरांच्या डॉक्टरने पोट उघडलं तर आतून पन्नीचा गोळा निघाला, आणि त्या गोळ्यात एक पन्नी आपल्या दुकानाची. नाव अजून वाचता येत होतं. तू ती धुऊन आणलीस आणि गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलीस.

तुझा दादा म्हणाला, "आता काय दुकान बंद करू?"

"नाई," तू म्हणालीस. "दुकान चालू ठेव. याचं काय कराचं ते मी पाहतो."

चारू तेव्हा एम.एस्सी.ला होती. ती त्या पन्नीकडे बघत उभी होती, आणि मग तिने तुझ्याकडे बघितलं. ते बघणं मी पाहिलं. मी तिला अक्षर शिकवलं, व्याकरण शिकवलं, केस विंचरले, तापात रात्री काढल्या. तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

शेडमध्ये तू काय उभारत होतीस ते मला हळूहळू कळलं. कॉलेजातून निकामी म्हणून काढलेली काचेची जाड नळी. तिच्या मधोमध लोखंडी सळई. दुकानाच्या पाटीवरचे निऑन दिवे गेले होते, त्यांचा ट्रान्सफॉर्मर. सोडावॉटरवाल्याकडून आणलेलं गॅसचं सिलिंडर. आणि नळीला बाहेरून गुंडाळायला धातूची बारीक जाळी हवी होती, म्हणून माझी पिठाची चाळणी.

"विमल, ती चाळणी माझी आहे."

"माह्या मायची आहे."

"तुझ्या आईने मला दिली."

"मंग मी तुले मागून राह्यली ना. देजो."

दुसऱ्या दिवशी चाळणीची नुसती पितळी कड ओट्यावर होती. जाळी नळीवर चढली होती.

चारूने मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं, आणि मी इंग्रजीची असले तरी मला ते समजलं. पन्नी म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. त्यात इंधन होण्यासारखं सगळं आहे, पण साखळी सुटत नाही. आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड म्हणजे आधीच जळून गेलेला कार्बन. राख जशी पुन्हा पेटत नाही, तसा तोही पेटत नाही. पन्नी वितळवून तिची वाफ करायची, ती या वायूत मिसळायची, आणि दोन्ही त्या नळीतून सोडायचं. नळीत एवढ्या जोराचा विजेचा दाब की वायूचे कण आपोआप तुटू लागतात. त्या तुटलेल्या, चमकणाऱ्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. तुटलेले तुकडे पुन्हा जुळतात, पण हवे तसे जुळावेत म्हणून नळीत निकेल लावलेले बारीक मणी भरायचे. मण्यांवर जुळणी होते, आणि पलीकडून जळणारा वायू निघतो, थोडंसं तेलही.

तुझं सांगणं वेगळं होतं. तू म्हणायचीस, "कार्बन डायऑक्साइड म्हंजे दोन ऑक्सिजनच्या घरी सुखात बसलेली बाई. ते कायले हलते? तिले झटका द्यावा लागते. अन् मणी म्हंजे मध्यस्थ. मध्यस्थ लग्न जुळवते, पंगतीत जेवते, अन् आपल्या घरी वापस जाते. तिचं काहीच खर्च होत नाई."

"तू तर वापस गेली नाहीस," मी म्हणाले. "तू इथंच राहिलीस."

तू हसलीस. चारू हसली नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं मी वर्गात काही चुकीचं बोलले होते.

त्या मण्यांना तुम्ही दोघी साबुदाणा म्हणायचात. पांढरे, तेवढेच. निकेलच्या हिरव्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, भाजायचे. माझ्या एकादशीला साबुदाणा भिजवायची आठवण या मुलीला कधी राहिली नाही. तुझा साबुदाणा मात्र तिने माझ्याच परातीत घालून ठेवला, पाणी किती शोषलं ते उठून उठून पाहिलं, आणि वर माझाच पंचा झाकला. परात मी नंतर वापरली नाही. ती तुझ्याच शेडमध्ये राहिली.

आणि बोलणं. चारूने शुद्ध बोलावं म्हणून मी लहानपणापासून कटाक्ष ठेवला होता. 'मले' म्हटलं की मी 'मला' म्हणायची आणि ती दुरुस्त करायची. ती माझ्याशी नेहमी शुद्धच बोलली. तुझ्याशी नाही. ओसरीतून शेडकडे जाताना तिची भाषा बदलायची, चालही बदलायची. आतून आवाज यायचा, "आत्या, काय करून राह्यली वं?" आणि मग दोघींचं हसणं. मी धान्य निवडत असायची. मला वाटायचं, माझ्याशी ती जे बोलते तो गणवेश आहे.

संक्रांतीचं तुला आठवत असेलच. त्या वर्षी हळदीकुंकवाच्या आधी तुम्ही दोघींनी ठरवलं की, वर्षानुवर्षं बायका जे प्लॅस्टिकचं वाण लुटतात, त्यातलं तुटकंफुटकं परत गोळा करायचं. चारू घरोघरी आमंत्रण देताना सांगून आली, "येताना जुनं, फुटलेलं वाण घेऊन या. आत्याला प्रयोगाला हवं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी सकाळपासून दुकानात गर्दी. तुझा दादा आत येऊन म्हणाला, "आज साबणदाण्या काऊन एवढ्या चालल्या?" संध्याकाळी कळलं. एकेक बाई आली, वाकून कुंकू लावून घेतलं, आणि पदराखालून नवी कोरी साबणदाणी काढून चारूच्या हातात दिली. कोणी टोपली, कोणी चाळण, कोणी डबी.

"अहो, जुनं आणायचं होतं," चारू म्हणत राहिली.

शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "बाप्पा! सणाच्या दिवशी सवाष्णीच्या दारात फुटकं घेऊन याव काय? म्या नवीनच आनलं. तुमच्याच दुकानातून घेतलं, म्हनून चांगलंच असन."

तू शेडच्या दारात बसली होतीस. तू हळदीकुंकवाला पुढे येत नसायचीस. कोणी म्हणायच्या आत मागे बसायचीस. तो ढीग पाहून तू पोत्यावर आडवी होऊन हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझा दादा म्हणाला, "विमल, हा प्रयोग दरवर्षी करत जाय. धंद्याले चांगला आहे." मीही हसले. आपण तिघी एकदम हसलो असं त्या घरात फार थोड्या वेळा झालं, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

मग तुम्ही दोघींनी त्या नव्या वस्तूच कापायला घेतल्या. त्यांत कोणीतरी दिलेली रेक्झिनची पर्स होती. तीही गेली. दुसऱ्या दिवशी शेडमधून असा वास आला की नाक झोंबलं. हिवाळाभर तयार केलेले सगळे मणी वाया गेले. तू वास घेतल्याबरोबर म्हणालीस, "क्लोरीन. रेक्झिनमधून आलं."

मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दाराशी आले तेव्हा चारू तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. दहावीनंतर ती माझ्यासमोर रडलेली नव्हती. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होतीस, "रडू नको पोट्टी. रेक्झिन चालत नाई हे समजलं ना? हे बी कामच झालं." मी ताटल्या ठेवल्या. कोणीच पोहे खाल्ले नाहीत. मी ते झाकून ठेवले, आणि संध्याकाळी परतून पुन्हा वाढले.

आपला खरा वाद मात्र मण्यांवरून नव्हता. तो विजेवरून होता, आणि तो अजून मिटलेला नाही. नळी सुरू झाली की आपल्या मीटरची चकती गरगर फिरायची. मी तुला हाताला धरून ती दाखवली. म्हटलं, "जेवढी वीज या नळीत घालतेस, तेवढ्यात सरळ शेगडीवर घरभराचा स्वयंपाक होईल. त्यातून निघतो काय, तर फुग्याएवढा गॅस. याला इंधन बनवणं म्हणतात की इंधन उडवणं?"

तू चिडली नाहीस. नागपूरला एका सभेत तू हे काम मांडलंस तेव्हा मोठ्या लोकांनी हेच विचारून तुला खाली बसवलं होतं, ते चारूने मला नंतर सांगितलं. तू म्हणालीस, "वयनी, बाळाले कोनी विचारते काय, दूध किती पेलं अन् काम किती केलं? हे आत्ता बाळ आहे. याले मोठं होऊ दे. कोनी सूर्यावर वीज बनवन, कोनी मणी चांगले करन. मंग मीटर पाहजो."

बाळाचं तुला काय माहीत, अशा अर्थाचं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी ते गिळलं. तुला ते ऐकू आलं. तू नळीकडे वळलीस आणि उगाच जाळी घट्ट करू लागलीस. ते वाक्य मी आजही पुरतं लिहिणार नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही नवे मणी केलेत. शेडच्या पत्र्याखाली भर दुपारी पडदे लावून नळी पेटायची. तसा प्रकाश मी आधी कुठे पाहिला नव्हता. जांभळट, दाट, आवाज केवळ माशीएवढा. निघणारा वायू तुम्ही फुटबॉलच्या आतल्या रबरी ब्लॅडरमध्ये भरून ठेवायचात. तो विषारी, म्हणून ब्लॅडर बाहेर कडुलिंबाखाली टांगलेले. आठवडाभराने तुझ्या मते पुरेसे झाले. अंगणात कॉलेजचा बर्नर, त्यावर छोटं पातेलं. ज्योत निळी, उन्हात दिसेना, तू हाताचा आडोसा केलास. पाणी गरम व्हायला इतका वेळ लागला की तुझा दादा दोनदा दुकानात जाऊन आला. एक ब्लॅडर संपला की चारू दुसरा जोडायची. शेवटी पाण्याला कड आला.

चहा झाला. अर्धा कप.

आंजीच्या गाईच्या पोटातून निघाली तसल्या पन्नीचा, आणि सोडावॉटरच्या फसफसणाऱ्या वायूचा. चारूचं तोंड उन्हाने लाल झालं होतं. मला वाटलं, पहिला घोट तू तिला देशील. तो मला दिसू नये म्हणून मी उठायला निघाले. तर तू कप माझ्यापुढे धरलास.

"पह्यला घोट वयनीले."

मी प्यायले. तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"साखर कमी आहे," मी म्हणाले.

विमल, साखर खरंच कमी होती. पण त्या दिवसानंतर तू घरात कोणी काही चांगलं केलं की म्हणायचीस, "साखर कमी आहे," आणि चारू हसत सुटायची. माझ्या एका खऱ्या वाक्याचं तुम्ही दोघींनी आपसात चलन केलंत. तू एकदा मला म्हणालीस, "तू जेवढी जळतं ना वयनी, तेवढ्यावर आपला पूर्ण कप झाला असता." तुला सगळं माहीत होतं. तू ते थट्टेवारी नेलंस, म्हणून आपण एका घरात राहू शकलो.

मग चारू परदेशी गेली. तुझ्याच विषयात. स्टेशनवर मी तिला चिवड्याचा डबा दिला, तू तिला रुमालात बांधून मूठभर मणी दिलेस. चिवडा, अर्थात, संपला.

त्यानंतर दर रविवारी फोन. रिसीव्हर मी उचलायची. "आई, कशी आहेस? तब्येत? बाबा?" तीन प्रश्न, शुद्ध भाषेत. मग थोडं थांबून, "आई, आत्याला दे ना." मी रिसीव्हर तुला देऊन स्वयंपाकघरात जायची. पण ते घर केवढं? सगळं ऐकू यायचं. "मण्यांवर काजळी धरली? किती तासांनी? अवं, मणी जास्त दाबून भरले असन तू." तुझा दादा गेल्यावर दुकान भाड्याने दिलं आणि आपण दोघीच उरलो. दहा वर्षं. सबंध आठवडा घरात दोन म्हाताऱ्यांचा आवाज, आणि रविवारी त्या फोनमध्ये माझ्या मुलीचा, तुझ्या कानाला.

या दहा वर्षांत तू मला काय दिलंस तेही सांगायला हवं, नाहीतर मुलांना वाटेल आजी नुसती कुढतच राहिली. भारनियमनाच्या दुपारी पंखा बंद असायचा तेव्हा तू मला इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचायला लावायचीस आणि मध्ये मध्ये मराठीत नायिकेला शिव्या घालायचीस. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात औषध तू घातलंस, मिनिट न चुकवता, आणि मला म्हणालीस, "पाह्य, मले बी टाइमटेबल जमते." तुझा दादा गेला त्या वर्षी मी कोणाशी बोलत नव्हते. तू रोज येऊन माझ्याशी विजेचा तोच वाद मुद्दाम उकरून काढायचीस, मला बोलतं करायला. मला ते तेव्हाही कळत होतं.

आता शेवटचं. सावंगीच्या दवाखान्यात मी रोज ऑटोने डबा घेऊन यायची. तू दोन घास खायचीस, आणि मी उरलेलं डब्यात नीट भरायची. एक दिवस तू म्हणालीस, "वयनी, काजळी धरली वं. आता मणी कामाचे नाई राह्यले." मी म्हटलं, "असं बोलू नकोस." तू म्हणालीस, "मंग एक दुसरं बोलतो. तू कायले जळतं? चारूचं काम जमलं की ते मले फोन करते. बिघडलं की तुले."

"मला तिने कधी काही बिघडल्याचं सांगितलेलं नाही."

"सांगत नाई. पोळी मऊ कशी होते म्हणून विचारते. फोडणीत हिंग कव्हा टाकाचा म्हणून विचारते. एवढी शिकलेली बाई, हिंगासाठी आयएसडी लावते काय वं?"

रविवारशिवाय आलेले ते फोन आठवू लागले. ऐन दुपारी, तिकडे मध्यरात्र असताना. आई, वरणाला किती पाणी. आई, तू ते लोणचं कसं मुरवतेस. मी पाण्याचं माप सांगायची. ती "हं" म्हणायची आणि फोन ठेवायची नाही. मला वाटायचं, लाइन खराब आहे.

पण विमल, हे खरं की माझी समजूत घातलीस, हे मला अजून ठरवता येत नाही. तू खोटं बोलायचीस तेव्हा फार सुंदर बोलायचीस, आणि हे तू फारच सुंदर बोललीस. त्यानंतर चार दिवसांत तू गेलीस, म्हणून विचारायचं राहिलं. आता विचारायला एकच माणूस आहे, आणि ती हे मोठ्याने वाचते आहे. मुलांनो, ती इथे थांबली असेल. तिच्याकडे बघू नका. पाणी आणून द्या.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी चारूने शेड झाडली. म्हणाली, एकदा नळी लावून बघते. मी दाराशी उभी होते, नेहमीसारखी. ती म्हणाली, "आई, मणी तू भर ना." मी हात धुतले, पुसले, आणि एकेक चिमूट करून नळी भरली. तिने नळी उजेडासमोर धरली. "आत्याने कधी इतके सारखे भरले नव्हते," ती म्हणाली. "ती कोंबायची." ऐकते आहेस ना, विमल? कोंबायची, म्हणाली.

बटण दाबलं. प्रकाश नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा पसरला. चारूच्या चेहऱ्यावर तोच जांभळा रंग आला, आणि या वेळी मी तिच्या शेजारी होते, म्हणून बहुधा माझ्याही. तुझी जागा रिकामी होती आणि मी तिच्यात उभी होते. ती मला हवी होती, कितीतरी वर्षं. अशी मिळावी असं मात्र मी मागितलं नव्हतं. ब्लॅडर फुगू लागला तोच भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली. चहा झाला नाही. आपला वाद होता तिथेच आहे.

मी रडले का? तेव्हा रडले. अंधारात. चारूला दिसलं असेल तर तिने सांगावं.

आणि गेल्या रविवारी मुलांनी तो प्रश्न विचारल्यावर फोन चारूकडे गेला. "आई, कशी आहेस? तब्येत? औषधं?" मग ती थांबली. इथे तुझं नाव यायचं. रिसीव्हर माझ्याच हातात राहिला. मी विचारलं, "या खेपेला मण्यांवर काजळी किती धरली?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. लाइन खराब नव्हती.

मग ती म्हणाली, "लय धरली वं आई."

काजळी कशाने येते, ती कशी जाळून काढतात, कोणत्या मण्यांवर कमी धरते, हे तिने मला बराच वेळ सांगितलं. निम्मं समजलं. मी मध्ये बोलले नाही, आणि 'मले' म्हणाली तिथे दुरुस्त केलं नाही.

तर विमल, उरलं आहे ते असं. नळी शाबूत आहे. तिच्यावर माझ्या चाळणीची जाळी आहे. माझ्या परातीत मूठभर मणी आहेत, वर पंचा झाकलेला आहे. संक्रांतीच्या त्या ढिगातली एक गुलाबी साबणदाणी कापायची राहिली होती, ती न्हाणीघरात वापरात आहे. रविवारचा फोन येतो. ट्रान्सफॉर्मर चालतो, वीज असेल तेव्हा.